भरती, बांध आणि फायरवॉल : पेण-रोह्याच्या खारेपाटातून पाहिलेली एक आधुनिक लढाई

🧵 १/
पेणमध्ये एका पतसंस्थेच्या संगणकांची देखभाल माझा एक मित्र करतो. परवा मध्यरात्री त्याने फायरवॉलच्या नोंदींचे छायाचित्र पाठवले. एकाच रात्रीत परदेशांतील शेकडो पत्त्यांवरून संस्थेच्या सर्व्हरची दारे हजारो वेळा ठोठावली गेली होती. खाली त्याचा प्रश्न होता : ‘अरे, हे लोक रात्रभर आपल्या दारावर थापा मारतायत. आपणही उलट काही सोडू या का त्यांच्यावर?’ त्याला दोन ओळींत उत्तर देणे शक्य होते. परंतु प्रश्न जुना आहे आणि त्याचे उत्तर आपल्याच मुलखात पडून आहे. म्हणून हा दीर्घ धागा.

२/
आरंभीच माझे मत मांडतो. बाहेरून होणाऱ्या या चाचपणीला, म्हणजे ‘पोर्ट स्कॅन’ला, आपण वाजवीपेक्षा जास्त घाबरतो आणि आपणच उघड्या ठेवलेल्या दारांना फारच कमी घाबरतो. स्कॅन ही भरती आहे. भरतीवर कोणी सूड उगवत नाही, बांध राखतो. आणि ज्यांनी मोठे नुकसान सोसले, त्यांपैकी अनेकांकडे पाणी बांधावरून आले नाही, विश्वासाच्या वाटेने आत आले. या विधानाला आधार म्हणून तीनशे वर्षांपूर्वीचा एक ग्रंथ आणि आपल्याच काळातील तीन घटना घेतो.

३/
प्रथम खारेपाट. पेणच्या पश्चिमेला वाशी, वढाव, दादर, रावे या बाजूला गेलात, तर खाडीच्या पातळीला लागून भातशेती दिसते. खारे पाणी आणि भात यांच्यामध्ये मातीचा बांध तेवढा उभा असतो. समुद्राकडच्या बांधाला तिकडे ‘बाहेरकाठा’ म्हणतात. दिवसातून दोनदा भरती येते आणि बाहेरकाठ्याची संपूर्ण लांबी चाचपून परत जाते. उधाणाच्या दिवसांत ती अधिक जोराने चाचपते. कोणत्याही शेतकऱ्याने यावरून समुद्राशी वैर धरल्याचे ऐकिवात नाही. तो बांधावरून फिरतो आणि खेकड्याने पाडलेले बीळ शोधतो.

४/
बांध म्हणजे नुसती भिंत नव्हे. पावसाळ्यात शेतातले गोडे पाणी बाहेर जाऊ द्यावे लागते. त्यासाठी बांधात ‘उघाडी’ असते : ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडणारी, भरतीला दाबाने मिटणारी झडप. आतून निघालेल्या पाण्याला वाट, बाहेरून येणाऱ्याला अटकाव. फायरवॉल मूलतः हेच करते. आतून सुरू झालेल्या संभाषणाचे उत्तर ती आत येऊ देते. न बोलावता आलेल्याला दाराबाहेर ठेवते. उघाडीची झडप सडली तर उत्तम बांधही निरुपयोगी ठरतो, आणि एकदा शिरलेले खारे पाणी पुढचे हंगामही नासवते.

५/
आता ‘पोर्ट’ म्हणजे काय ते पाहू. येथे बंदराची कल्पना दूर ठेवावी. दिंडीची कल्पना अधिक चपखल बसते. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर ० ते ६५,५३५ अशा क्रमांकांच्या ६५,५३६ दिंड्या कल्पिलेल्या असतात. सुरक्षित संकेतस्थळ ४४३ क्रमांकाच्या दिंडीतून बोलते, दुरून सर्व्हर चालवण्याची एसएसएच ही सोय बहुधा २२ मधून, विंडोजचा ‘रिमोट डेस्कटॉप’ ३३८९ मधून, आणि विंडोजची फायलींची देवाणघेवाण ४४५ मधून. दिंडीमागे ऐकणारा कोणी कार्यक्रम असेल, तरच ती उघडी म्हणायची.

६/
स्कॅन करणारा प्रत्येक दिंडीवर एक टकटक करतो. टीसीपी या नियमानुसार कोणतेही संभाषण तीन पावलांनी सुरू होते : ‘येऊ का?’, ‘या, ऐकतो आहे’, ‘आलो’. स्कॅन करणारा पहिले पाऊल टाकतो आणि उत्तर ऐकतो. ‘या’ असे उत्तर आले तर दिंडी उघडी. ‘येथे कोणी नाही’ असे आले तर बंद. काहीच उत्तर नाही, तर मध्ये फायरवॉल उभी असावी. अनेकदा तो तिसरे पाऊल टाकतच नाही. माहिती घेऊन निघून जातो. ही टेहळणी आहे. लूट अजून झालेली नाही.

७/
ही टेहळणी किती स्वस्त झाली आहे, हे समजले की निम्मी भीती ओसरते. ‘एनमॅप’ हे साधन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि कोणालाही फुकट मिळू लागले. २००९ मध्ये ‘शोडॅन’ आले; जगभरातील उघड्या यंत्रांची ती शोधसूचीच आहे. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी ‘झेडमॅप’ मांडले. चांगल्या जोडणीवरील एक संगणक त्याच्या साहाय्याने आयपीव्ही-४ चे सारे सार्वजनिक पत्ते, एका पोर्टपुरते, पाऊण तासाच्या आत ठोठावू शकतो. सुमारे ४२९ कोटी पत्त्यांच्या या अवकाशात पेणची पतसंस्था कोणी मुद्दाम निवडलेली नसते. भरती येते ती साऱ्या किनाऱ्याला.

८/
म्हणून मित्राला पहिले उत्तर असे : रात्रीच्या हजार टकटकींतील बहुतेक तुझ्यासाठी नव्हत्या. त्यांत संशोधक असतात, सूची करणाऱ्या कंपन्या असतात, आणि बहुसंख्येने असतात दुसऱ्यांची बाधित यंत्रे, जी आपल्या मालकांच्या नकळत पुढचे सावज शोधत फिरतात. टकटकीने सर्व्हर पडत नाही. टकटकीला आतून कोणी ‘या’ म्हटले, आणि ‘या’ म्हणणारा कार्यक्रम जुना, दुबळा किंवा सोप्या पासवर्डचा असला, तरच तो पडतो. तेव्हा लक्ष द्यायचे ते ठोठावणाऱ्याकडे कमी आणि आपल्या दिंड्यांकडे अधिक.

९/
दिंड्यांविषयी मराठीतील सर्वांत नेमका विचार रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील हा ग्रंथ. दुर्गांच्या प्रकरणात अमात्यांचा सल्ला, माझ्या शब्दांत, असा : गडाला एकच दरवाजा असणे हा दोष आहे, म्हणून जागा पाहून एकाहून अधिक दरवाजे आणि चोरवाटा आधीच करून ठेवाव्यात. मात्र रोजच्या ये-जा करण्याला लागतील तेवढ्याच चालू ठेवून उरलेल्या दगडांनी बंद करून टाकाव्यात. शिवाय दरवाजा खालून सरळ दिसू नये. त्याच्यापुढे बुरूज असावा आणि येणारी वाट त्या बुरुजाच्या माऱ्यात यावी.

१०/
फायरवॉलचे पहिले सूत्र याहून वेगळे नाही. आरंभी सारे बंद; मग गरज सिद्ध होईल तेवढेच उघडे. लोक उलटे करतात : सारे उघडे ठेवतात आणि जे धोक्याचे वाटते ते एकेक बंद करत जातात. या शर्यतीत आपण नेहमीच मागे राहतो. पतसंस्थेच्या सर्व्हरला जगासाठी बहुधा एकच दिंडी लागते, ४४३. व्यवस्थापनाच्या दिंड्या, २२ असो वा ३३८९, थेट इंटरनेटवर नसाव्यातच. त्यांच्यापुढे व्हीपीएनचा बुरूज हवा, आणि त्या बुरुजावरही पासवर्डशिवाय दुसरी खूण मागणारी व्यवस्था हवी.

११/
‘दरवाजा दिसू नये’ या सल्ल्याचा मात्र विपर्यास होतो. काहीजण एसएसएच २२ वरून २२२२ वर नेतात आणि निर्धास्त झोपतात. आडोशामुळे टकटक कमी होते, नोंदवही स्वच्छ दिसते, एवढा फायदा खरा. परंतु अमात्यांनी आडोशाबरोबर बुरूजही मागितला होता. दुसरी चूक अधिक घातक आहे. आयपीव्ही-४ चे नियम काटेकोर लिहिलेले असतात आणि त्याच यंत्राचा आयपीव्ही-६ चा पत्ता सताड उघडा असतो. डॉकर वापरणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, त्यातून प्रसिद्ध केलेले पोर्ट उबुंटूच्या ‘यूएफडब्ल्यू’ नियमांना वळसा घालून बाहेर उघडू शकते. एका दरवाजावर चौकी आणि जुळ्या दरवाजाला कडीही नाही, अशी ही अवस्था.

१२/
सारीच टेहळणी मात्र गोंगाट करत येत नाही. यासाठी खांदेरी आठवावी. १६७९ मध्ये मायनाक भंडारी यांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी थळसमोरील या बेटावर तटबंदी सुरू केली आणि मुंबईच्या इंग्रजांनी जहाजे आणून बेटाची नाकेबंदी केली. इंग्रजांची जहाजे मोठी, तोफा भारी. मराठ्यांच्या लहान होड्या मात्र अंधारात, उथळ पाण्यातून, त्या पहाऱ्याच्या फटींमधून सामान पोहोचवत राहिल्या. १६८० च्या आरंभी इंग्रजांना माघार घ्यावी लागली. मोठ्या गलबतासाठी लावलेला पहारा लहान होडी अडवू शकला नाही.

१३/
आपल्या फायरवॉलचा पहाराही बहुधा मोठ्या गलबतांसाठीच असतो : ‘एका मिनिटात शंभर टकटकी झाल्या तर पत्ता अडवा.’ सराईत माणूस तासाला एक टकटक करतो, तीही दर वेळी निराळ्या पत्त्यावरून. तो या नियमात सापडत नाही. आपोआप अडवणाऱ्या व्यवस्थेची दुसरीही एक बाजू आहे. पहिल्या टकटकीवरचा पत्ता खोटा लिहिता येतो. केवळ टकटकीवर पत्ते अडवू लागलात, तर हल्लेखोर तुमच्याच बँकेचा किंवा डीएनएस सेवेचा पत्ता लिहून तुमच्या हातून तुमचीच वाट बंद करवू शकतो. अडवायचेच तर चुकीचे पासवर्ड पुन्हापुन्हा देणाऱ्याला अडवावे; तेथे तिन्ही पावले पडलेली असतात, म्हणून पत्ता खोटा असणे फार अवघड.

१४/
आता मित्राचा मूळ प्रश्न : उलट मारा करावा का? माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे आणि त्याला दोन कारणे आहेत. पहिले न्यायाचे. ज्या पत्त्यावरून टकटक आली, तो बहुधा दुसऱ्या बळीचा असतो. एखाद्या दवाखान्याचा सर्व्हर, कोणाच्या घरचा राउटर. दुसरे कायद्याचे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात शिरणे भरपाईस पात्र आहे. तेच लबाडीने वा कपटाने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘त्याने आधी दार ठोठावले’ असा अपवाद या कलमांत लिहिलेला नाही.

१५/
येथवर बाहेरच्या भरतीचे झाले. आता फुटलेल्या बांधांकडे वळू. पहिली घटना आपल्याच जिल्ह्यातली आहे. २७ जून २०१७ रोजी उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ या टर्मिनलचे संगणक बंद पडले. हे टर्मिनल मर्स्क समूहातील एपीएम टर्मिनल्स चालवते. कोणता कंटेनर कोठे आहे आणि कोणत्या ट्रकवर चढवायचा, हे सांगणारी व्यवस्थाच नाहीशी झाली. काम हातांनी करण्याची पाळी आली आणि माल तुंबला. ‘पोर्ट’ या शब्दाचे दोन्ही अर्थ त्या दिवशी रायगडात एकत्र आले.

१६/
हा ‘नॉटपेट्या’ होता. त्याने न्हावा-शेव्याच्या दारावर थाप मारली नव्हती. युक्रेनमध्ये कर आणि हिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘एम-ई-डॉक’ या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून तो तेथील कार्यालयांत शिरला, म्हणजे ज्या वाटेने सुधारणा यायची त्याच वाटेने. मग कंपन्यांच्या जगभर जोडलेल्या आतल्या जाळ्यात, ४४५ च्या दिंडीतील दोष आणि चोरलेले पासवर्ड यांच्या जोरावर, तो यंत्रामागून यंत्र घेत गेला. त्या दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. मात्र पासवर्ड हाती लागल्यावर दुरुस्त केलेली यंत्रेही सुटत नव्हती. बाहेरकाठा शाबूत होता. पाणी शेजारच्या शेतातून आले.

१७/
मर्स्कचे तत्कालीन अध्यक्ष जिम हॅगेमन स्नाबे यांनी पुढे दावोस येथे जाहीरपणे सांगितले की, कंपनीला दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. या पुनर्बांधणीतील एक तपशील आपल्याकडच्या माणसाला विशेष कळेल. कंपनीच्या सगळ्या वापरकर्त्यांची ओळखपाळख ठेवणारे सर्व्हर जगभर एकाच वेळी पुसले गेले. एक तेवढा वाचला, तो घानामधला. कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती. अब्जावधींच्या उद्योगाला खंडित विजेने तारले. मुख्य जाळ्यापासून तुटलेली एक प्रत हवी, हा धडा. ती नशिबाने नव्हे, नियमाने तुटलेली असावी.

१८/
येथे पुन्हा आज्ञापत्राकडे जावे लागते. टोपीकरांच्या, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांच्या, बाबतीत अमात्यांचे धोरण मोठे समतोल आहे. व्यापाराला यावे-जावे, परंतु वखारीसाठी समुद्रकाठची किंवा खाडीच्या मुखाची जागा देऊ नये; दिलीच तर आतल्या गावांच्या मध्ये द्यावी. कारण किनाऱ्यावर ते स्वतःच्या आरमाराच्या बळावर किल्ला उभारतील. संबंध तोडा असे अमात्य म्हणत नाहीत. संबंधाला मर्यादा घाला, असे म्हणतात. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीला दुरून आत येण्याची सोय देताना आपण नेमके हेच विसरतो. आपण वखार मागणाऱ्याला खाडीचे मुखच देऊन टाकतो, तेही कायमचे.

१९/
दुसरी घटना पुण्याची. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ११ ऑगस्टला २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. १३ ऑगस्टला ‘स्विफ्ट’मार्फत आणखी रक्कम हाँगकाँगला वळवली गेली. कार्डावर पैसे द्यायचे की नाही, हे विचारणारा संदेश बँकेच्या मूळ हिशेबापर्यंत पोहोचायला हवा होता. हल्लेखोरांनी मध्ये स्वतःचा खोटा ‘स्विच’ उभा केला होता आणि तो प्रत्येक मागणीला ‘होय’ म्हणत होता. खोटा द्वारपालच आत बसला असेल, तर तटाची उंची काय कामाची?

२०/
तिसरी घटना पेणच्या माणसाला सांगण्याची गरज नाही. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन सहकारी बँकेवर निर्बंध घातले आणि शेकडो कोटींच्या बोगस कर्जखात्यांचे प्रकरण उघडकीस आले. हजारो ठेवीदारांचे आयुष्य त्यात अडकले. हा सायबर हल्ला नव्हता, हे मुद्दाम स्पष्ट करतो. तरीही तो येथे हवा. कारण या गावाने आपल्या अनुभवाने शिकलेला धडा तोच आहे : तिजोरी बाहेरच्या चोराने फोडली नाही. ज्यांच्याकडे आत जाण्याचा अधिकार होता, त्यांच्यावर नजर ठेवणारी व्यवस्था दुबळी होती.

२१/
म्हणून माझा दुसरा दावा : खरी धोक्याची घंटा ही आतल्या टेहळणीची असते. परदेशातील पत्ता तुमच्या फायरवॉलवर थाप मारतो, ही रोजची भरती. पण लिपिकाच्या टेबलावरचा संगणक रात्री दोन वाजता शेजारच्या प्रत्येक यंत्राच्या ४४५ क्रमांकावर टकटक करू लागला, तर शेतात पाणी शिरलेले आहे. ते यंत्र तत्काळ जाळ्यातून काढावे, पण पुसू मात्र नये. पुरावा तेथेच असतो. उघाडीची दुसरी दिशाही तपासावी. हिशेबाच्या सर्व्हरला साऱ्या इंटरनेटवर हिंडण्याचे कारण नाही. त्याने बाहेर कोणाशी बोलावे, याचीही यादी असावी.

२२/
नोंदी आणि वर्दी यांबाबत कायदा आज पुष्कळ स्पष्ट आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या आहेत; नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत; आणि यंत्रांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवायची आहेत. त्या घटनांच्या यादीत पहिलाच प्रकार आहे महत्त्वाच्या यंत्रणांची ‘लक्ष्य ठरवून’ केलेली चाचपणी. हे विशेषण मला मोलाचे वाटते. प्रत्येक लाटेची वर्दी द्यायची नाही. एकाच ठिकाणी पुन्हापुन्हा आपटणाऱ्या लाटेची द्यायची. आणि नोंदी त्याच सर्व्हरवर ठेवू नयेत. चोर पहिल्यांदा वही फाडतो.

२३/
नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये प्राथमिक आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी चार स्तरांची सायबर सुरक्षा चौकट घालून दिली. ज्या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे रोह्याच्या देशमुख घराण्यातले, तिच्या या चौकटीत रोह्यातल्याच पतसंस्था मात्र येत नाहीत. कारण पतसंस्था ही बँक नव्हे. ती राज्याच्या सहकार कायद्याखाली चालते. सर्ट-इनची जबाबदारी तिच्यावर येते, पण ती पेलायला हाताशी तज्ज्ञ नसतो. माझ्या मित्रासारखा एखादा माणूस छपाईयंत्रापासून फायरवॉलपर्यंत सारे एकटा पाहतो. खरा भेग पडलेला बांध हा आहे.

२४/
यावरचा उपायही खारेपाटाकडेच आहे. तिकडे ‘जोळ’ नावाची जुनी सामूहिक पद्धत होती : एका बांधाआड ज्यांची शेते, त्यांनी मिळून तो बांध राखायचा. एकट्याने स्वतःपुरता बांध घालून भागत नाही. शेजाऱ्याकडे भगदाड पडले की आपलेही भात जाते. पेण आणि रोह्यातील पतसंस्थांनी, तसेच धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यांनी, असा जोळ करावा. सामायिक खर्चातून एक जाणकार नेमावा, नोंदी एकत्र व स्वतंत्र जागी ठेवाव्यात, आणि दर तिमाहीत प्रत्येकाच्या दिंड्या बाहेरून तपासून घ्याव्यात, लेखी संमतीने.

२५/
आक्षेप अपेक्षित आहे : ‘एकत्र आलो तर एका ठिकाणी फुटल्यावर सगळेच बुडतील; न्हावा-शेव्याला तेच झाले ना?’ आक्षेप रास्त आहे. म्हणूनच जोळ हा देखभालीचा हवा, जाळ्याचा नको. माणूस, ज्ञान आणि तपासणी सामायिक. सर्व्हर, पासवर्ड आणि प्रती प्रत्येकाच्या स्वतंत्र. खर्चाचा मुद्दाही राहतो. परंतु एकेका संस्थेने महागडी पेटी विकत घेऊन तिचा मूळ पासवर्डही न बदलता भिंतीवर टांगण्यापेक्षा, पाच संस्थांनी मिळून एक शहाणा माणूस ठेवणे स्वस्त पडेल, असे माझे ठाम मत आहे.

२६/
आणि उणीव दाखवणाऱ्याला शत्रू मानू नये. रायगडावरील हिरकणीची कथा ही दंतकथा म्हणूनच सांगतो. सांजेला दरवाजे मिटल्यावर घरी तान्ह्या बाळासाठी ती अवघड कड्यावरून उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधवला. कथेचे शहाणपण दोन्ही कृतींत मिळून आहे. आपल्याकडे मात्र ‘तुमची ही दिंडी उघडी आहे’ असे प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला आधी पोलिसांची भीती घातली जाते आणि बुरूज राहूनच जातो.

२७/
आता मित्राचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. उलट मारा करण्याऐवजी त्याने संस्थेची परवानगी घेतली आणि घरच्या जोडणीवरून, म्हणजे बाहेरच्या जगाच्या नजरेने, आपलाच सर्व्हर एनमॅपने तपासला. दोन दिंड्या उघड्या सापडल्या. एक ४४३, अपेक्षित. दुसरी ३३८९. हिशेबाचे सॉफ्टवेअर बसवताना पुरवठादाराने ‘तात्पुरती’ म्हणून उघडलेली, आणि नंतर कोणालाही न आठवलेली. ज्या रात्री तो परदेशी पत्त्यांची यादी करत जागला, त्या रात्रीही ती उघडीच होती.

२८/
त्याने ती बंद केली, पासवर्ड बदलले, त्या दिंडीतून पूर्वी कोण आत आले होते का हे नोंदींतून पाहिले, आणि एक प्रत जाळ्याबाहेर नेऊन ठेवली. दुसऱ्या रात्री टकटकी पुन्हा हजारांनी आल्या. त्याने छायाचित्र पाठवले नाही.

भरती आजही दोनदा येईल. आपल्या संस्थेत, कारखान्यात, शाळेत सर्व्हर असेल, तर या आठवड्यात एकदा बांधावरून फिरून या आणि कोणती विसरलेली दिंडी सापडली ते जरूर लिहा. फक्त पत्ता लिहू नका.

॥ धागा समाप्त ॥